दहापैकी तीन

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये हिसका खाऊन थांबली आणि पुन्हा चालू झाली, तेव्हा आत चार माणसं होती आणि त्यातल्या तिघांनी काही ना काही धरलं. फायली कवटाळून उभ्या असलेल्या बाईने फायली सोडून दांडा धरला. थर्मासवाल्याने थर्मास पोटाशी धरला. एका टाय लावलेल्या गृहस्थाने चौथ्या माणसाचा दंड धरला, आणि हा चौथा माणूस, ज्याला त्याच्या धंद्यातले लोक ओळंबा म्हणत, त्या गृहस्थाकडे चमकून बघायला लागला. आपली याची ओळख आहे की काय, लग्नाबिग्नात भेटलाय की काय, असं त्याच्या मनात आलं. "केवढी हादरली हो," बाई फायली गोळा करत म्हणाली. "काय हादरलं?" ओळंब्याने विचारलं. तिघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो लिफ्टमध्ये नव्हताच, आताच भिंतीतून आत आला होता. थर्मासवाला म्हणाला, "काका, तुम्ही झोपला होतात का उभ्या उभ्या?" टायवाल्याने दंड सोडला. ओळंब्याने खाली पाहिलं. त्याचे गुडघे किंचित वाकलेले होते, डाव्या पायाची टाच उचललेली होती आणि सगळं वजन उजव्या चवड्यावर गेलेलं होतं. म्हणजे पायांनी मालकाला न विचारता परस्पर कारभार उरकला होता. धक्का आला, पायांनी तो पचवला, आणि वर कळवायची तसदीसुद्धा घेतली नाही. आणि मग, गेली आठ वर्षं येतो तसा, त्याच्या डाव्या खांद्यामागून तो अदबशीर आवाज आला: साहेब, हे कितीचं?

नवव्या मजल्यावर त्याला अकरा वाजता हजर व्हायचं होतं. तिथे एका मंडळाच्या अध्यक्षबाई त्याची वाट पाहत होत्या. रुग्णांना उचलून नेणारी नवी हेलिकॉप्टरं घ्यायची होती, त्याआधी ती तपासायची होती, आणि तपासणाऱ्या चमूचा प्रमुख म्हणून त्याची नेमणूक ठरल्यासारखीच होती. नुसती सही बाकी. ओळंबा बासष्ट वर्षांचा होता आणि आयुष्यभर त्याने एकच काम केलं होतं: कोणी न उडवलेली किंवा नीट न उडालेली हेलिकॉप्टरं उडवायची, खाली यायचं आणि एक आकडा सांगायचा. लोकांना वाटतं चाचणी वैमानिक म्हणजे जिवावर उदार झालेला माणूस, मिशीला पीळ देऊन मरणाला डोळा मारणारा. तसलं काही नसतं. ते गणिताच्या परीक्षकाचं काम आहे, फक्त उत्तरपत्रिका हवेत असते आणि तुम्ही तिच्यात बसलेले असता. आकडा एक ते दहा. एक म्हणजे यंत्र स्वतःच गुणी आहे, वैमानिकाने नुसतं बसून बाहेरची शोभा बघावी. दहा म्हणजे देवाचं नाव घ्यावं. तीनपर्यंत यंत्र पास. चार आला की ते कारखान्यात परत जातं, आणि कारखान्यातल्या लोकांची तोंडं आंबतात. पण यात एक मेख आहे. यंत्र किती नीट उडालं हे विचारलेलंच नसतं. ते नीट उडवायला तुला किती झटावं लागलं, एवढंच विचारलेलं असतं. म्हणजे ही परीक्षा यंत्राची असली तरी उत्तर वैमानिकाच्या अंगात असतं, आणि ते त्याने खरं सांगायचं असतं. म्हणून तर एक रीत आहे, सगळीकडे पाळतात ती: वर पंखा फिरतोय तोवर, पट्टे सोडायच्या आधी, कोणाशी बोलायच्या आधी, प्रत्येकाने आपला आकडा गुडघ्याला बांधलेल्या वहीत लिहायचा. कारण खाली उतरून दोन माणसांशी गप्पा झाल्या की अंगाला काय झालं होतं ते अंग विसरतं.

ओळंबा हे नाव त्याला एका जुन्या मेकॅनिकने ठेवलं होतं. हवेत स्थिर उभं राहायचं म्हणजे हेलिकॉप्टरला सर्वांत अवघड, आणि हा माणूस गवंड्याने ओळंबा सोडावा तसा सरळ उभा राही. त्याच्याबद्दल गोष्टी होत्या. मेकॅनिकच्या खिशातला एक पाना जागेवर नसेल तर हा थरथरीवरून सांगतो कोणता. एकदा म्हणे त्याने समोरच्या फळीवर पाण्याचा पेला ठेवून उड्डाण केलं, डोंगर ओलांडला, परत आला आणि तेच पाणी प्यायला. ही गोष्ट अर्धी खरी होती. पेला अर्धा होता, डोंगर म्हणजे टेकडी होती, आणि पाणी नव्हतं, गार झालेला चहा होता. पण दरवर्षी कोणी ना कोणी ती सांगे आणि दरवर्षी पेल्यातलं पाणी थोडं वाढे. पुढे पुढे ओळंबा स्वतःच सांगू लागला तेव्हा पेला काठोकाठ भरलेला असे. खोटं बोलतोय असं त्याला कधी वाटलं नाही. ती गोष्ट सांगताना खरोखरच त्याला काठाशी डुलणारं पाणी दिसत असे. आता पाचव्या मजल्यावरून सहाव्याकडे जाताना त्याच्या मनात आलं, माझ्या बाकीच्या आकड्यांचंही असंच झालं असेल का.

अकरा वर्षांपूर्वीची ती चाचणी. यंत्र देखणं होतं, हलकं होतं, आणि रुग्णसेवेला घाईने हवं होतं. जमिनीपासून दहा-बारा फुटांवर उभं राहायचं आणि वारा डावीकडून मागून घ्यायचा, एवढाच त्या दिवसाचा पाठ. अशा वाऱ्यात हेलिकॉप्टरचं शेपूट वात्रट होतं, छपरावरच्या वातकुक्कुटासारखं फिरू बघतं, आणि त्याला पायांतल्या पेडलांनी धरून ठेवावं लागतं. शेजारच्या खुर्चीत दुसरा होता. अहवालात वैमानिक एक आणि वैमानिक दोन असं लिहितात, म्हणून चमूत त्याला दुसराच म्हणत. बत्तीस वर्षांचा, चांगल्या हाताचा, जरा गंभीर. आधी त्याने उडवलं, मग ओळंब्याने. उतरले, पंखा अजून फिरत होता, आणि ओळंब्याने वहीकडे न बघता हेल्मेटातल्या माइकवर मोठ्यांदा सांगून टाकलं, "तीन. अगदी लोण्यासारखं. तुझं रे?" दुसऱ्याने एकदा वहीकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, मी पाच लिहिलंय."

"पाच? अरे, पाच म्हणजे काय झुंजत होतास की काय? मी इथे बसून जांभया दिल्या."

"मला घाम फुटला होता सर."

"उन्हाने फुटला असेल. पाय आहेत का मुसळं? जरा सैल सोडायला शीक."

खाली उभे असलेले सगळे ते कानाला लावलेल्या फोनांमधून ऐकत होते आणि हसत होते. दुसराही हसला. मग त्याने गुडघ्यावरच्या वहीत पेन्सिल टेकवली. ओळंबा तिकडे बघत नव्हता, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याने पाचावर आडवी रेघ पडलेली पाहिली, आणि त्याला बरं वाटलं. एखाद्या विद्यार्थ्याला गणित समजल्यावर मास्तरांना वाटतं तसं. याने त्याला पुढे फार छळलं. आपल्याला तेव्हा बरं वाटलं होतं, हे.

संध्याकाळी चाचणीची इंजिनियर, सगळे तिला आलेखवाली म्हणत, लांब कागद घेऊन आली. तरुण होती, हळू बोलायची, पण कागद धरला की हात थरथरायचा नाही. "साहेब, तुम्ही म्हणालात पाय जवळजवळ स्थिर होते. मिनिटाला बावन्न वेळा हललेत." ओळंब्याने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मग तुमचं मापक हललं असेल," तो म्हणाला. पुन्हा सगळे हसले, आणि सगळे हसले म्हणून तीही थोडी हसली. मापक बदलायचं ठरलं. अहवालावर गुरुवारी सह्या झाल्या. नवं मापक बसवून सोमवारी त्याने तोच पाठ पुन्हा उडवला आणि नवा आलेख निघाला. त्यात त्याचे पाय मिनिटाला चोपन्न वेळा हलले होते. तो कागद तिने त्याच्या टेबलावर ठेवला, त्याने तो वाचला, आणि आता काय, झालं ते झालं, असं म्हणून फायलीत लावायला दिला. ही गोष्ट तो कोणालाही पेल्याच्या गोष्टीबरोबर सांगत नसे.

पुढे तीन वर्षांनी ते यंत्र एका रुग्णालयाच्या मैदानावर उतरत होतं. वारा डावीकडून मागून. वैमानिक नऊशे तासांचा. नऊशे तास म्हणजे वाईट नाही, रोजच्या कामाला पुष्कळ झाले. शेपूट सुटलं, यंत्राने अडीच गिरक्या घेतल्या आणि ते कुशीवर पडलं. रुग्ण वाचला, परिचारिका हातपाय मोडून वाचली, वैमानिक गेला. चौकशीच्या अहवालात ओळंब्याचं नाव होतं, पण कौतुकाने. 'अत्यंत अनुभवी वैमानिकाने याच स्थितीत या यंत्राला तीन हा आकडा दिलेला आहे.' आणि खाली, दीड ओळीत, मेलेल्याची पात्रता: तास नऊशे, हेलिकॉप्टरच्या जाती दोन, अनुभव मर्यादित. निष्कर्ष, पेडलांचा वेळीच आणि पुरेसा वापर केला नाही. शेजारी पासपोर्टच्या आकाराचा फोटो. कान जरा पुढे आलेले, कॉलर एका बाजूला वर राहिलेली, जणू फोटोवाल्याने घाई केली असावी. ओळंब्याने तो अहवाल वाचला तेव्हा त्याला हळहळ वाटली, आणि पोटाच्या तळाशी, अगदी तळाशी, आपण सुटलो असंही वाटलं. आवाज तेव्हा सुरू झाला नव्हता. आवाज सुरू झाला तो खुर्चीपासून.

त्याचं असं झालं. घरी जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या, आणि ओळंब्याची खुर्ची ठरलेली. एके रविवारी त्याचे मेहुणे आले आणि मान म्हणून त्यांना त्या खुर्चीत बसवलं. मेहुणे ताटासकट उजवीकडे कलंडले, आमटी भिंतीपर्यंत गेली. खुर्चीचा एक पाय मुळाशी तडकलेला होता. चांगला जुना तडा, आत धूळ बसलेली. बायको त्या पायाकडे आणि नवऱ्याकडे आळीपाळीने बघत राहिली. "अहो, सहा महिने तुम्ही रोज बसताय यावर. डुगडुगत नव्हती?"

"नाही."

"मग काय, हवेत बसत होतात?"

मेहुणे जमिनीवरून म्हणाले, "ताई, त्यांच्या बैठकीला पदक मिळालंय सरकारकडून. त्या बैठकीला काय कळणार तुमची खुर्ची." सगळे पोट धरून हसले. ओळंबा हसला नाही. तो दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना त्या खुर्चीवर परत बसला, मांड्यांवर हात ठेवून, आणि अगदी लक्ष देऊन बघत राहिला. खुर्ची डुगडुगली नाही. मग त्याने मांडीवरचे हात घट्ट दाबले आणि पाहिलं, की त्याच्या कमरेचा एक स्नायू, डावीकडचा, बारीक बारीक ओढतोय. सोडतोय, ओढतोय. त्या स्नायूला कोणीही हुकूम दिलेला नव्हता. तो इतका सराईत, इतका इमानी होता, की मालकाला त्रास नको म्हणून चोरून काम करत होता. तेव्हा पहिल्यांदा खांद्यामागून विचारणा झाली: साहेब, हे कितीचं? त्या नऊशे तासवाल्याचा आवाज त्याने कधी ऐकलेला नव्हता. तरी तो त्याचाच आहे याबद्दल त्याला शंका वाटली नाही. त्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. शिकायची इच्छा होती. तो नळाला विचारी, मोटारीच्या स्टिअरिंगला विचारी, जिन्याच्या सैल पायरीला विचारी. साहेब, हे कितीचं? आणि ओळंब्याला उत्तर देता येईना, कारण त्याला काहीच जड वाटत नसे. ज्या अंगाचा जगात बोलबाला होता ते अंग त्याला बातमी देत नव्हतं.

नवव्या मजल्यावर खोली मोठी होती, पडदे अर्धे ओढलेले. अध्यक्षबाई मधे, चष्मा दोरीला लावलेला. एका बाजूला सर्दी झालेला कारकून, पुढ्यात टंकनयंत्रासारखा दिसणारा जुना संगणक. दुसऱ्या बाजूला आलेखवाली. केस अर्धे पांढरे झाले होते, ती आता मंडळाची तांत्रिक सल्लागार होती. तिने मान लववली, ओळंब्यानेही लववली. "बसा ना," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि तो बसला, आणि बसताना आपण कसे बसलो हे त्याला कळलं नाही. "रीत म्हणून तुमची पात्रता वाचून दाखवते, चूक असेल तर थांबवा." सहा हजार चारशे तास. एकेचाळीस जातींची हेलिकॉप्टरं. त्यातली चार जमिनीवरून पहिल्यांदा याच हातांनी उचललेली. इंजिन बंद करून उतरणं बाराशे वेळा. चाचणीच्या शाळेत पहिला नंबर, नंतर तिथेच सहा वर्षं शिकवणं. पदकं दोन. बाई वाचत होत्या आणि प्रत्येक ओळीशी दुसरी एक ओळ जोडीने चालली होती, ती फक्त त्याला ऐकू येत होती. तास नऊशे. जाती दोन. मग दुसऱ्या बाजूची पात्रता संपली, दीड ओळीचीच होती ती, आणि बाई एकट्याच वाचत राहिल्या. त्याला वाटलं, माझ्या एकेक ओळीबरोबर मी थोडा थोडा बधिर होत गेलो आणि लोक त्याला अनुभव म्हणत गेले. हजार तासांना पाचाचं यंत्र मला पाचाचंच वाटायचं. दोन हजारांना चाराचं. मग पाय शहाणे झाले, आणि मी अडाणी.

"सहा हजार चारशे पाहून आम्हाला निश्चिंत वाटतं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "इथे सही करा."

"बाई, मला ते काम करता येणार नाही."

"तब्येत?"

"तब्येत उत्तम आहे. हीच अडचण आहे." आणि मग तो सांगायला लागला. त्याला गोष्ट सांगायची सवय होती, पण ही गोष्ट त्याने कधी सांगितलेली नसल्यामुळे तिला घासून गुळगुळीत झालेल्या जागा नव्हत्या. तो अडखळत होता. आकडा मोठ्यांदा सांगितला हे, दुसऱ्याने पाचावर रेघ मारली हे, कागद हसण्यावारी नेला हे. सोमवारचा कागद. आलेखवाली खाली बघत होती. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि तो दोरीवर लोंबू दिला. "पण चौकशी होऊन गेली आहे. आठ वर्षं झाली. वैमानिकाची चूक म्हणून ती मिटली आहे."

"म्हणूनच म्हणतोय. चूक त्याची नव्हती. त्याच्या पायांना जे जमलं नाही ते जमावं लागायलाच नको होतं. ते यंत्र पाचाचं होतं."

"पुरावा?"

आलेखवालीने मान वर केली. "दुसरा आलेख फाइलमध्ये आहे," ती हळू म्हणाली. "मीच लावलाय. आजवर कोणी मागितला नाही." आणि पुढे म्हणाली, "मीही दिला नाही."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर लावला. कारकुनाने नाक पुसलं. "तुम्ही लेखी दिलंत, तर चौकशी पुन्हा उघडावी लागेल," त्या म्हणाल्या. "त्याच्या नावावरचा ठपका निघेल कदाचित. पण एवढ्यावर थांबणार नाही हो. एक आकडा खोटा ठरला की लोक बाकीचे तपासतात. एकेचाळीस यंत्रं आहेत तुमची. त्यातली किती आज हवेत आहेत?"

हे ओळंब्याच्या मनात आलं नव्हतं. म्हणजे आलं होतं, पण असं आकड्यासकट समोर येऊन बसलं नव्हतं. त्याला एकेचाळीस यंत्रं दिसली, एका रांगेत, पंखे फिरत असलेली, आणि प्रत्येकाच्या काचेमागे पुढे आलेल्या कानांचा कोणीतरी. त्याने दिलेले तीन, दोन, तीन, तीन. त्यातले खरे कोणते, हे त्याला आता सांगता येत नव्हतं. जगात एकच माणूस ते सांगू शकत होता, आणि तो माणूस आपल्याच कमरेच्या स्नायूंकडून फसवला गेला होता. उठून जावं, असं त्याच्या मनात आलं. तब्येतीचं कारण द्यावं. बाईंनी ते स्वतःहून पुढे केलंच होतं, चांगल्या स्वभावाच्या होत्या. घरी जावं, बायको विचारेल झाली का सही, तिला म्हणावं वय झालं आता. खांद्यामागून आवाज येईल म्हणून तो थांबला. आवाज आला नाही. खोलीत फक्त पंख्याची घरघर होती, आणि ती त्याला, किती वर्षांनी कोण जाणे, नीट जाणवली. मध्येच अडखळणारी, एका पात्याकडून किंचित जड.

"उघडू देत," तो म्हणाला. "कागद द्या."

बाईंनी कोरा कागद सरकवला आणि म्हणाल्या, "सुरुवातीला तुमची पात्रता लिहा. पूर्ण लिहा. नाहीतर कोणीही सोम्यागोम्या म्हणेल, याचं का ऐकायचं." ओळंब्याने लिहिलं. सहा हजार चारशे तास. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ती यादी स्वतःच्या हाताने लिहिली, एकही पदक न गाळता, आणि वाढवून काही न सांगता. मग चाचणीचा दिवस, वारा, त्याने सांगितलेला आकडा आणि दुसऱ्याने खोडलेला. चौदा ओळींत सगळं बसलं. सही केली. आलेखवालीने खाली साक्षीदार म्हणून सही केली, न विचारता.

कारकुनाने कागद ओढून घेतला, आवक क्रमांक घातला आणि सर्दीच्या आवाजात विचारलं, "प्रती कोणाकोणाला?"

"एक चौकशीच्या कार्यालयाला. एक वैमानिक दोनला, मालवाहू विमानं चालवतो आता, पत्ता कळवतो. एक त्याच्या वडिलांना. जो गेला त्याच्या."

"पत्ता शोधावा लागेल जुन्या फायलीत."

"लिहून घ्या," ओळंबा म्हणाला, आणि त्याने रस्ता सांगितला, घर क्रमांक सांगितला. "दुसरा मजला, डावीकडचं दार. टपालवाल्याला सांगा बेल वाजत नाही, दारावर थाप मारावी लागते. म्हातारबुवांना कमी ऐकू येतं, जरा थांबावं लागतं."

कारकुनाची बोटं थबकली. "तुमचं जाणं-येणं आहे वाटतं त्यांच्याकडे?"

"दारापर्यंत," ओळंबा म्हणाला.